नऊ पौंड, सहा औंस

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी शेजारच्या अण्णांनी दार वाजवून बॅगा तोलायचा काटा मागितला, तेव्हा बायकोला वाटलं ते कुठे लांबच्या प्रवासाला निघालेत. तिने काट्यासोबत दोन सल्लेही दिले. जड कपडे अंगावर घाला आणि चार्जर खिशात ठेवा. अण्णांनी ते ऐकून घेतले, घरी गेले आणि पाच मिनिटांनी रायफल घेऊन परत आले.

अण्णा हे त्यांचं खरं नाव नव्हे. सहा फूट दोन इंच उंचीच्या, कोलोरॅडोत चार पिढ्या काढलेल्या माणसाचं नाव अण्णा कसं असेल! पण आम्ही फोर्ट कॉलिन्सला राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात, मी बर्फ उपसत असताना त्यांनी माझ्या फावड्याकडे बघून जी मान हलवली, ती थेट बायकोच्या अण्णाकाकांची होती. तेव्हापासून घरात ते अण्णा. पुढे नाव त्यांच्या कानावर गेलं, अर्थ विचारला, ‘थोरला भाऊ’ असं कळल्यावर त्यांनी ते ठेवूनच घेतलं.

तर अण्णांनी दारातच बोल्ट मागे ओढला, चेंबर रिकामं आहे हे मला दाखवलं, स्वतः पुन्हा एकदा बोट घालून बघितलं आणि मगच उंबरा ओलांडला. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात, तशी ही इथली रीत. मग पट्ट्याला काट्याचा हूक अडकवून त्यांनी रायफल उचलली. काट्याने जरा वेळ घेतला आणि आकडा दाखवला: नऊ पौंड, सहा औंस.

“वडिलांची,” अण्णा म्हणाले. “ते कधी जड आहे म्हणाले नाहीत.”

सव्वाचार किलो. आमच्या हिशेबाने दोन आंब्याचे डबे, एक किलो मेतकूट आणि बायकोच्या बहिणीला न्यायची परफ्यूमची बाटली. अण्णा अडुसष्ट वर्षांचे. एल्क, म्हणजे आपल्या सांबराचा आडदांड चुलतभाऊ, ऑक्टोबरात इथे दहा हजार फुटांच्या आसपास सापडतो. तिथे हवा विरळ आणि चढ सरळ. नऊ पौंड सहा औंस आपल्याला आता झेपत नाहीत हे अण्णांनी गेल्या हंगामात स्वतःशी कबूल केलं होतं, बायकोशी केलं नव्हतं. नवी, हलकी रायफल घ्यायची ठरली होती. दुकानातून तयार घ्यायची की मापाने घडवून घ्यायची, एवढाच प्रश्न होता. तो ‘एवढाच’ प्रश्न चौदा महिने चालला आणि त्यातले निदान दहा आमच्या स्वयंपाकघरात.

बायकोने पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. “त्यांना म्हणावं, रात्रीचं आइस्क्रीम सोडा. तीन पौंड फुकटात उतरतील.” मी हे शक्य तितकं मऊ करून अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, हा विनोद त्यांच्या बायकोने, मुलीने, डॉक्टरने आणि बंदुकीच्या दुकानातल्या पोऱ्यानेही करून झालाय. पोटाचं ओझं पायांना सवयीचं असतं, रायफलचं एकाच खांद्याला लागतं. आणि शिवाय पोट काही नेम धरताना उचलून धरावं लागत नाही.

मला त्यांचा हा आजार समजत होता, कारण तो मलाही आहे. तेवीस किलोंच्या मर्यादेत संसार कोंबणाऱ्या माणसाला ग्रॅमची किंमत कळते. चिवड्याचा डबा काढून चिवडा पिशवीत भरणं, पुस्तकांची वेष्टणं टाकणं, नव्या बुटांतले कागदाचे बोळे काढणं, या कला आम्हाला येतात. अण्णांच्या भाषेत याला औंस वाचवणं म्हणतात. सोळा औंसांचा एक पौंड, सोळा आण्यांच्या रुपयासारखा. हे साम्य मी अण्णांना समजावून सांगितलं. त्यांना आणे कळले नाहीत, पण सोळा कळले.

बंदुकीशी माझा संबंध तेवढाच, जेवढा कुडाळकडच्या कुठल्याही घराचा असतो. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं आणि वानरं यांच्यापासून भात आणि नारळ राखायला ती दिलेली. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. वानरांना आचारसंहिता लागू नसते, त्यामुळे ते दिवस बागेचे वाईट जात. ती बंदूक किती वजनाची होती हे आजोबांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी विचारणाऱ्याकडेच निरखून पाहिलं असतं. त्यांची अपेक्षा एकच होती, “आवाज मोठो येवक व्हयो.” एकदा दस्ता चिरला तेव्हा गावच्या सुताराने फणसाच्या लाकडाचा नवा करून दिला, आजोबांना उभं करून, बंदूक खांद्याला लावायला सांगून, पेन्सिलीने खूण करून. म्हणजे आमच्या घरात मापाने घडवलेला कस्टम स्टॉक होता, हे मला समुद्रापार येऊन, वयाच्या पन्नाशीत कळलं.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय संपवला आणि बरंच झालं. त्यामुळे आपल्या मनातला शिकारी अजून सोला हॅट घालून मचाणावर बसलेला असतो. इथला शिकारी म्हणजे निवृत्त शाळामास्तर किंवा नळदुरुस्तीवाला. त्याला परवाना काढावा लागतो, हव्या त्या जंगलाचा मिळाला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, अंगावर भडक नारिंगी जाकीट घालायचं आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून आलं तर गुन्हा. अण्णांच्या घरात वर्षभर गोमांस विकत आणत नाहीत. फ्रीजरमध्ये एल्क असतो, कागदात बांधून, तारीख घालून, आमच्या घरी पुरणाचे गोळे असतात तसा.

आता प्रश्नाच्या दोन बाजू. तयार रायफली हल्ली फारच गुणी झाल्या आहेत, असं अण्णाच सांगत. फिनलंडची टिक्का घ्या. सव्वासहा पौंडांच्या आसपास वजन, प्लॅस्टिकचा दस्ता, रूप म्हणाल तर सरकारी कचेरीतल्या खुर्चीचं. पण शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचाच्या आत पडतील अशी कारखान्याची हमी. किंमत हजार डॉलरांच्या आतबाहेर. दुकानात जावं, कागदपत्रं भरावीत, काही दिवसांनी घेऊन यावं. दुसरीकडे कस्टम. कारागीर तुमच्यासाठी नळी निवडणार, कार्बन फायबरचा दस्ता बसवणार, चापाचं वजन तुमच्या बोटाला विचारून ठरवणार. रायफल पाच पौंडांवर येणार आणि बिल पाच हजारांवर जाणार. वर्षभर थांबायचं ते वेगळंच. मी पाकिटाच्या मागे गणित मांडलं. सव्वा पौंड म्हणजे वीस औंस आणि जादा पैसे चार हजार. एका औंसाला दोनशे डॉलर. आयुष्यभर वजनाचे पैसे दिलेल्या माणसाला वजन नसण्याचा हा भाव ऐकून घाम फुटला. अण्णांना नाही फुटला. ते म्हणाले, “दोनशे? मला अडीचशे वाटले होते.”

या वेडाला इथे मोठी परंपरा आहे. वेस्ट व्हर्जिनियात मॉर्गनटाउनला मेल्विन फोर्ब्स नावाच्या कारागिराने 1980च्या दशकात जे केलं ते ऐकून मी थक्क झालो. तोवर रायफल हलकी करायची म्हणजे आहे त्या लोखंडाला भोकं पाडायची, कोरायचं, तासायचं. फोर्ब्सने काडतुसाच्या लांबीएवढाच ॲक्शन, म्हणजे बोल्ट सरकतो ते आतलं यंत्र, नव्याने आखला, जादा लोखंड मुळात घातलंच नाही. त्या ॲक्शनचं वजन वीस औंस, म्हणून त्या रायफलचं नाव मॉडेल 20. केव्हलर आणि ग्रॅफाइटच्या दस्त्यासकट अख्खी रायफल पाच पौंडांच्या आत. मला यात आमच्या आईची आठवण झाली. इतर बायका बॅग भरून झाल्यावर सामान काढत बसायच्या, आई मुळात बॅगच लहान घ्यायची.

पण हलकेपणा कुठेतरी वसूल होतोच. अकरावीचं फिजिक्स इथे पहिल्यांदा उपयोगी पडलं. गोळी पुढे ज्या जोराने जाते, त्याचा जाब रायफल मागे खांद्याला देते. काडतूस तेच ठेवून नऊ पौंडांची रायफल सहा पौंडांची केली, तर धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. अण्णांचं काडतूस थर्टी-ऑट-सिक्स, 1906 साली सैन्यासाठी मंजूर झालेलं, अशक्त म्हणता येणार नाही असं. म्हणजे डोंगर चढताना खांद्याला जे सुख मिळणार, ते बार काढताना व्याजासकट परत. शिवाय नळी बारीक असली की दोन-तीन बारांत तापते, आणि हलकी रायफल धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात स्थिर राहत नाही, श्वासाबरोबर डोलते. जड रायफल म्हातारीसारखी बसली की बसली. अण्णांना हे सगळं माहीत होतं. ते म्हणाले, “वर्षात बार एकच काढायचा असतो. चालायचं दहा दिवस असतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग सप्टेंबरात आम्ही कारागिराकडे गेलो. मी का गेलो, तर काट्याचा मालक म्हणून. एका छोट्या गावात घरामागच्या शेडमध्ये त्याचं दुकान. तेलाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास, भिंतीला टांगलेल्या नळ्या आणि कोपऱ्यात झोपलेलं कुत्रं. त्याने अण्णांना उभं केलं, कोपर काटकोनात वाकवायला सांगितलं आणि कोपराच्या खोबणीपासून चापावर येणाऱ्या बोटापर्यंत अंतर मोजलं. मला एकदम आमच्या गावचा शिंपी दिसला. तोच गळ्यात टेप, तीच तोंडात पेन्सिल, तोच आपल्याला सोडून आपल्या खांद्याकडे बघायचा स्वभाव. “जाकीट कसलं घालता?” त्याने विचारलं. “पातळ की जाड? जाड असेल तर दस्ता जरा आखूड ठेवू.” कारखान्याची रायफल म्हणजे साडेतेरा इंचांच्या आसपासचं माप, कुणा सरासरी अमेरिकन माणसाचं. हा सरासरी माणूस मला अजून भेटला नाही. अण्णा त्याच्यापेक्षा उंच आहेत आणि मी त्याच्या काखेत बसेन.

मापं झाली. कारागीर वहीत लिहिता लिहिता सहज म्हणाला, “पुढच्या वर्षी ऑक्टोबरात हातात देतो. किती वर्षं वापरायचा विचार आहे?”

त्याला बहुतेक नळीचं पोलाद कुठलं घ्यावं ते ठरवायचं होतं. पण अण्णा गप्प झाले. लहानपणी आमचा शाळेचा सदरा ‘वाढत्या अंगाचा’ शिवत, दोन बोटं सैल, बाह्या दुमडून, कारण अंग पुढे जाणार आणि कापड पुरवायचं. वाढत्या अंगाचा सदरा असतो, उतरत्या अंगाची रायफल कशी शिवायची? माप आज घ्यायचं, वस्तू पुढच्या वर्षी यायची, आणि ती शंभर वर्षं टिकणार. अंगाचं तसं नाही. परतताना गाडीत अण्णा लव्हलंड येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “गृहस्थ चांगला आहे.”

त्यानंतरचे काही महिने इतिहासात गेले. निर्णय लांबला की माणूस इतिहासात शिरतो. जॅक ओ’कॉनर हे अमेरिकी शिकारकथांतलं मोठं नाव, ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात वर्षानुवर्षं बंदुकांवर लिहीत. त्यांची सर्वांत लाडकी रायफल कुठली? विंचेस्टरचं मॉडेल 70 फेदरवेट, म्हणजे 1952 साली कारखान्यातून आलेलं हलकं मॉडेल. नाव पिसासारखं आणि वजन साडेसहा पौंडांच्या पुढे. पिसं तेव्हा जड असावीत. ती त्यांनी आपल्या गावातल्या, आयडाहोतल्या लुइस्टनच्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतली आणि स्पोकेनच्या अल बीसेन या कारागिराकडे दिली. त्याने तिला अक्रोडाचा नवा दस्ता चढवला, हाताने नक्षी कोरली. म्हणजे पोटात तयार माल आणि अंगावर मापाचा कोट.

शिकारी जिम कॉर्बेटसाहेबांचंही तेच. 1907 साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांकडून जी रायफल भेट मिळाली, ती लंडनच्या रिग्बींची. पण आतलं यंत्र जर्मनीच्या माउझरचं. जर्मनांनी कारखान्यात केलं, इंग्रजांनी सजवलं, आणि कुमाऊंच्या जंगलात त्या हलक्या रायफलने आयुष्यभर साथ दिली. लाडक्या रायफली अशा मिश्र विवाहातूनच होतात असं माझं मत झालं, आणि मी ते अण्णांना सांगितलं. घेताना दुकानातून घ्या, मग कारागिराकडून अंगासरशी करून घ्या. मी एवढ्या आत्मविश्वासाने बोलत होतो की मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. आयुष्यात मी जत्रेतले फुगे फोडले आहेत, तेही सगळे नाहीत.

अण्णांनी ऐकलं. मार्चमध्ये टिक्का आली. काट्यावर सहा पौंड पाच औंस, दुर्बीण नसताना. अण्णांचा चेहरा बारशाच्या दिवशीच्या आजोबांसारखा. पुढे मात्र दर महिन्याला काही ना काही झालं. एप्रिलमध्ये चाप बदलला. मे महिन्यात कारखान्याचा दस्ता काढून त्याच कारागिराकडून, त्याच वहीतल्या मापाचा, कार्बनचा दस्ता बसला. जूनमध्ये नळी दोन इंचांनी कापली. प्रत्येक वेळी काटा मागायला अण्णा यायचे, चहा घ्यायचे आणि आकडा खाली गेला की बायकोच्या हातचा एक बेसनलाडू खायचे. ऑगस्टअखेर रायफल पाच पौंड नऊ औंसांवर आली आणि अण्णांचं मला नक्की सांगता येणार नाही, पण बहुधा तेवढंच वर गेलं. एकूण खर्च त्यांनी मला सांगितला नाही. मी कारागिराच्या वहीतल्या आकड्याशी मनात ताडून बघितला आणि कुणाला काही बोललो नाही.

ऑक्टोबरात ते मला घेऊन गेले, बंदुकीविना, नारिंगी जाकीट घालून, एल्क मिळालाच तर मांस वाहायला. मिळाला असता तर चार-पाच खेपा झाल्या असत्या, प्रत्येक खेपेला वीस-पंचवीस किलो. पौंडांचा तो बारीक हिशेब मांसाच्या पहिल्याच खेपेत वाहून गेला असता. रस्ता पूडर नदीच्या काठाने कॅमेरॉन पासकडे जातो. नदीचं पूर्ण नाव काश ला पूडर, फ्रेंच भाषेत ‘दारू लपवा’, दारू म्हणजे बंदुकीची. जुनी गोष्ट अशी सांगतात की फ्रेंच फासेपारधी बर्फाच्या वादळात अडकले, गाड्यांचं ओझं कमी करायला त्यांनी बंदुकीच्या दारूची पिंपं नदीकाठी पुरून ठेवली. अण्णांनी हे सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. या खोऱ्यात ओझं उतरवायचं वेड फार जुनं आहे तर.

एल्क दिसला नाही. पहाटे लांबवर एकदा त्याची शीळ ऐकू आली, शाळेतल्या बाजाच्या पेटीतून हवा निसटावी तशी, तेवढीच. दुपारी एका पडलेल्या झाडावर बसलो आणि अण्णांनी पिशवी उघडली. रायफल इतकी हलकी झाली म्हणून यंदा जागा होती, असं म्हणत त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. घडीची खुर्ची. छोटी शेगडी. लांबचं बघायची दुसरी दुर्बीण, तिचा तिकाटणा. बायकोने दिलेला लाडवांचा स्टीलचा डबा, झाकणासकट. मी त्या डब्याकडे बघितलं आणि डब्याने माझ्याकडे.

“किती असेल?” मी विचारलं.

“काटा घरी राहिला,” अण्णा म्हणाले आणि खुर्ची उघडून बसले.

डिसेंबरात आम्ही कुडाळला निघालो. आदल्या रात्री अण्णा स्वतःहून आले, बाह्या सारून. पहिली बॅग तेवीस किलो सहाशे. त्यांनी बॅग उघडली, भाच्याच्या खेळण्याचं खोकं काढून टाकलं, चॉकलेटांची पुठ्ठ्याची आवरणं काढली, माझ्या पट्ट्याचं बक्कल हातात धरून दोनदा तोललं आणि पट्टा बाजूला ठेवला. टूथब्रशचा दांडा अर्धा कापावा का, असंही विचारलं. गंमत करत नव्हते. शेवटी काटा बावीस किलो आठशेवर थांबला.

“सात औंस उरलेत,” अण्णा विजयाने म्हणाले.

बायको तोवर कपाट उघडून उभी होती.